बेदगेलर्टचं रिकामं थडगं

चि. बाळ,


तुझं पत्र पोचलं. सुट्टीत मैत्रिणींबरोबर उत्तर वेल्समधल्या बेदगेलर्टला जायचं घाटतंय, पण त्यांच्यापैकीच एक म्हणाली की तिथलं ते प्रसिद्ध कुत्र्याचं थडगं बनावट आहे, एका हॉटेलवाल्याने गिऱ्हाईक यावं म्हणून उभं केलेलं. मग तिथे दिवस घालवायचा कशाला, असं तू विचारतेस. मैत्रिणीचं म्हणणं बरोबर आहे. थडगं बनावटच आहे. तरीही जा. का जा, ते जरा ऐसपैस लिहिते, कारण ते गाव मी पाहिलंय आणि माझा त्याच्यावर जीव आहे.

आधी ती गोष्ट. तेराव्या शतकात उत्तर वेल्सवर लिवेलिन नावाच्या राजाची सत्ता होती. वेल्श लोक त्याला 'थोर लिवेलिन' म्हणतात. एके दिवशी तो शिकारीला निघाला, पण त्याचा लाडका कुत्रा गेलर्ट काही बरोबर आला नाही. राजा परतला तेव्हा गेलर्ट शेपटी हलवत सामोरा आला. तोंड रक्ताने माखलेलं. आत पाळणा उलटा पडलेला आणि बाळाचा पत्ता नाही. राजाने तलवार उपसून कुत्र्याच्या अंगात खुपसली. त्याच्या शेवटच्या किंकाळीने पाळण्याखालचं बाळ जागं होऊन रडायला लागलं. बाळाला ओरखडाही नव्हता. शेजारी एक दांडगा लांडगा मरून पडला होता.

वाचता वाचता तू थबकली असशील. डोक्यावर पाण्याची घागर घेतलेली बाई, दारात रक्ताळलेल्या तोंडाचं मुंगूस, आत पाळण्यात खेळणारं बाळ आणि खाली तुकडे होऊन पडलेला साप. ही गोष्ट लहानपणी तू माझ्याकडून कितीतरी वेळा ऐकलीस, आणि दरवेळी बाई घागर टाकायच्या आधीच कान झाकून घ्यायचीस. गेलर्टची गोष्ट तीच आहे. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात, अपरीक्षितकारकात, ती येते. हितोपदेशात मुंगसाला मारणारी बाई नसून ब्राह्मण आहे. कथासरित्सागरातही ती सापडते.

ती गोष्ट वेल्सपर्यंत पोचली कशी, हे कळलं की तुला त्या दगडाकडे बघायची वेगळी नजर येईल. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो राजाच्या पदरी बुर्झोय नावाचा वैद्य होता. त्याने पंचतंत्रातल्या कथा पहलवी भाषेत नेल्या. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्या अरबीत आणल्या. तो ग्रंथ म्हणजे 'कलीला व दिम्ना'. अरबीतून हिब्रू, आणि तेराव्या शतकात हिब्रूतून लॅटिन. दुसऱ्या वाटेने हीच कथा 'सात ज्ञानी पुरुषांच्या गोष्टी' या संग्रहातून युरोपभर फिरली, आणि तो संग्रह मध्ययुगातच वेल्श भाषेतही उतरला. वाटेत प्राणी बदलत गेले. युरोपातल्या घरात मुंगूस पाळत नाहीत, तिथे कुत्रा आला. साप मात्र बराच काळ टिकला. फ्रान्समध्ये लिऑनजवळच्या खेड्यांत तेराव्या शतकात गिनफोर नावाच्या कुत्र्याला लोक चक्क संत मानत, आजारी मुलं त्याच्या समाधीपाशी घेऊन जात. त्यानेही पाळण्यातलं मूल सापापासून वाचवलं होतं आणि तोही धन्याच्याच हातून मेला होता. एतिएन द बूर्बों या धर्मगुरूने ती समाधी उकरून हाडं जाळायला लावली, तरी लोकांची श्रद्धा पुढे शतकानुशतकं टिकली. वेल्सच्या डोंगरात पोचेपर्यंत सापाचा लांडगा झाला. जोसेफ जेकब्ज या लोककथांच्या अभ्यासकाने 1892 मध्ये केल्टिक लोककथांच्या पुस्तकात गेलर्टची कथा घेतली आणि तिचा माग भारतापर्यंत लावून दाखवला.

आता तो हॉटेलवाला. त्याचं नाव डेव्हिड प्रिचर्ड. 1793 च्या सुमारास तो दक्षिण वेल्समधून या गावात आला आणि पुढे तिथल्या गोट हॉटेलचा पहिला चालक झाला. ते हॉटेल आजही आहे. त्या काळात युरोपात युद्धं पेटलेली असल्याने इंग्रज श्रीमंतांना फ्रान्स-इटलीची सफर करता येत नव्हती, म्हणून ते वेल्सचे डोंगर पाहायला यायला लागले होते. प्रिचर्डने दक्षिणेत ऐकलेली कुत्र्याची गोष्ट या गावाच्या नावाशी जोडली आणि गावातल्या एकदोघांच्या मदतीने कुरणात दगड उभा केला, असं गावचीच माणसं पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. 1800 च्या सुमारास विल्यम स्पेन्सर या कवीने त्यावर दीर्घ कविता लिहिली. पुढे हायडनसारख्या मोठ्या संगीतकाराने तिला जुन्या वेल्श चालीवर बांधलं. मग काय, गाव जगाच्या नकाशावर आलं.

काही लोक प्रिचर्डला भामटा म्हणतात. मला ते पटत नाही. गोष्ट त्याने चोरली नाही. ती आधीच हजारो मैल चालून आली होती, त्याने तिला बसायला एक जागा दिली. माझी तक्रार दुसरीच आहे. लोक गाडीतून उतरतात, थडग्यापर्यंत चालत जातात, हळहळतात, फोटो काढतात आणि परत गाडीत बसतात. त्या एका खोट्या थडग्यामागे गावाचा खरा इतिहास झाकला जातो. तुझ्या मैत्रिणीसारखी माणसं थडगं खोटं म्हणून गावच टाळतात, तेव्हाही नेमकं तेच होतं.

म्हणून तू आधी चर्चमध्ये जा. ग्लासलिन आणि कोल्विन या दोन नद्या गावात जिथे मिळतात तिथला दगडी पूल ओलांडला की ते जवळच आहे. बाहेरून अगदी साधं दिसतं. मध्ययुगात इथे ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंचा मठ होता, आणि त्याच्याही आधी जुन्या केल्टिक परंपरेतल्या धर्मसेवकांची वस्ती. मठाला आधार दिला तो याच लिवेलिनने. म्हणजे राजाचा या गावाशी खरा संबंध आहे, तो कुत्र्यामुळे नव्हे, मठामुळे. डोंगर ओलांडून येणाऱ्या यात्रेकरूंना आणि वाटसरूंना या मठात आसरा मिळे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मठाला आग लागली, पुढे 1530 च्या दशकात आठव्या हेन्रीने देशभरचे मठ मोडले तेव्हा हाही गेला. उरलं ते चर्च. त्याच्या पूर्वेच्या भिंतीतल्या तीन उंच, अरुंद खिडक्या तेराव्या शतकातल्या आहेत. सकाळी गेलीस तर त्यातून येणारा प्रकाश पाहा. माझ्या मते सगळ्या गावात पाहण्यासारखी पहिली वस्तू तीच.

गावाचं नाव तेराव्या शतकाच्या मध्यापासून कागदपत्रांत सापडतं. नावातला 'गेलर्ट' म्हणजे बहुधा केलर्ट नावाचा फार जुना संत, ज्याची समाधी इथे होती असं मानतात. कुत्र्याची कथा गावाला चिकटली ती त्यानंतर पाचशे वर्षांनी.

चर्चपासून नदीकाठाने दक्षिणेला चालत गेलीस की कुरणात झाडाखाली ते थडगं येईल. पाटीच्या दोन शिळा आहेत, एकीवर वेल्शमध्ये आणि दुसरीवर इंग्रजीत कथा कोरलेली. वेल्श शिळा आधी बघ, अक्षरं लावायचा प्रयत्न कर. तिथे थोडं थांब, मुंगसाची गोष्ट आठव, आणि मग पुढे चालू लाग, कारण खरी वाट तिथून पुढे आहे.

ती वाट अॅबरग्लासलिनच्या खिंडीतून जाते. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधून फेसाळत धावणारी नदी. मासे धरणाऱ्यांच्या पायवाटेने जायचं. काही ठिकाणी खडकाला बिलगून, लोखंडी कड्या धरून पाय टाकावा लागतो, त्यामुळे पायात चांगले बूट हवेत आणि पाऊस झालेला असेल तर तू ती वाट धरू नयेस. खिंडीच्या टोकाला अॅबरग्लासलिनचा पूल आहे. आज तिथे उभं राहून दक्षिणेला पाहिलंस तर सपाट हिरवी कुरणं दिसतील. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. भरतीचं पाणी पार या पुलापर्यंत चढायचं. विल्यम मॅडॉक्स या खासदाराने खाडीच्या तोंडावर जवळजवळ मैलभर लांबीचा बांध घातला. तो 1811 मध्ये पुरा झाला, पुढच्याच वर्षी वादळात फुटला, कर्ज काढून आणि आसपासच्या लोकांच्या कष्टांनी पुन्हा बांधला गेला. समुद्र मागे हटला आणि बांधाच्या टोकाला पोर्थमादोग हे बंदर वाढलं. तिथून वेल्सची पाटी जगभरच्या छपरांसाठी जहाजांनी गेली.

खिंडीत चालताना वर शिटी ऐकू आली तर मान वर कर. कड्याच्या पोटातल्या बोगद्यातून लाल डब्यांची गाडी बाहेर पडत असेल. ही वेल्श हायलँड रेल्वे. आपल्या माथेरानच्या गाडीसारखीच अरुंद रुळांची, दोन फुटांना थोडी कमी, पण लांबी बरीच मोठी: कायर्नार्वोनपासून पोर्थमादोगपर्यंत सुमारे 40 किलोमीटर. या रेल्वेची कथा मला थडग्याच्या कथेहून जास्त भिडते. 1923 मध्ये ती पुरी झाली, आणि सुरू झाल्यापासूनच तोट्यात. पाटीच्या खाणी मंदावल्या होत्या, रस्त्यावर मोटारी आल्या होत्या. 1936 च्या हंगामानंतर प्रवासी गाड्या थांबल्या. 1941 मध्ये युद्धासाठी लोखंड हवं म्हणून रूळ उपटून नेले. बोगदे तेवढे राहिले, काही पुलांचे सांगाडे राहिले, बाकी मार्गावर गवत वाढलं. त्यानंतर साठच्या दशकापासून काही वेडी माणसं म्हणायला लागली की ही गाडी पुन्हा चालवायची. कोर्टकचेऱ्या झाल्या, सरकारी चौकश्या झाल्या. ज्यांच्या जमिनीला हा मार्ग लागून जातो त्या शेतकऱ्यांचा विरोध होता, आणि तो पोकळ नव्हता. अखेर 1999 मध्ये परवानगी मिळाली. सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन येणाऱ्या स्वयंसेवकांच्या बळावर रूळ पुढे सरकत गेले. 2009 मध्ये गाडी बेदगेलर्टला आली, 2011 मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. ओढणारी इंजिनं गॅरट जातीची, दोन टोकांना चाकं आणि मध्ये बॉयलर असलेली. यातली काही मँचेस्टरला बनली, दक्षिण आफ्रिकेत आयुष्यभर राबली आणि म्हातारपणी वेल्सला आली. याच जातीची इंजिनं आपल्याकडे बंगाल-नागपूर रेल्वेवरही धावत होती. तुझ्या पणजोबांनी त्यांबद्दल फार प्रेमाने सांगितलेलं मला आठवतं.

दिनास एम्रिस ही टेकडी गावापासून ईशान्येला मैलभरावर आहे. तिचीही एक कथा आहे, आणि ती गेलर्टच्या कथेहून कितीतरी जुनी: नवव्या शतकातल्या एका लॅटिन इतिहासग्रंथात ती लिहिलेली आहे. व्होर्टिगर्न राजा शत्रूच्या भीतीने या डोंगरात किल्ला बांधायला लागला, पण दिवसा बांधलेलं रात्री नाहीसं होई. बिनबापाच्या मुलाचं रक्त पायावर शिंपडा, असं राजाला सांगण्यात आलं. तसा मुलगा शोधून आणला. त्या मुलानेच सांगितलं की खाली तळं आहे आणि तळ्यात दोन ड्रॅगन झुंजत आहेत, एक तांबडा, एक पांढरा. तांबडा वेल्श लोकांचा, पांढरा त्यांच्या शत्रूंचा. शेवटी तांबडाच जिंकेल. 1950 च्या दशकात तिथे उत्खनन झालं तेव्हा टेकडीवर जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या आणि एक तळंही. त्यातून ड्रॅगन सिद्ध होत नाहीत, पण तू राहतेस त्या बँगोरला जो झेंडा रोज पाहतेस त्याच्यावरचा तांबडा ड्रॅगन कुठल्या टेकडीतून आला ते तुला कळेल. तो झेंडा अधिकृत झाला 1959 मध्ये.

तसंच नान्त ग्विनान्तच्या दरीतून वर पुढे गेलं की वेल्सच्या सर्वोच्च शिखरावर जाणारी वॉटकिन वाट लागते. शिखराची उंची 1085 मीटर. 1892 च्या सप्टेंबरमध्ये ती वाट लोकांसाठी खुली करायला ग्लॅडस्टन आला होता. वय वर्षं 82, नुकताच चौथ्यांदा पंतप्रधान झालेला. वाटेवरच्या एका मोठ्या खडकावरून त्याने जमलेल्या वेल्श लोकांपुढे भाषण केलं आणि वेल्सला, तिथल्या शेतकऱ्याला न्याय मिळाला पाहिजे, हा विषय मांडला. त्या खडकावर आज पाटी आहे. त्याच वर्षीच्या जुलैत त्याच्याच लिबरल पक्षाकडून आपले दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले होते. इतिहासाच्या वर्गात या दोन गोष्टी तुला वेगवेगळ्या शिकवल्या असतील, पण त्या एकाच निवडणुकीतून आलेल्या आहेत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. सिगनची तांब्याची खाण 1903 मध्ये बंद पडली आणि 1986 पासून पाहायला खुली आहे. आत नक्की जा, चरबीच्या मेणबत्तीच्या उजेडात माणसं कशी राबली असतील याची कल्पना येते. त्याच परिसरात 1958 च्या 'द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस' या इंग्रिड बर्गमनच्या चित्रपटासाठी चिनी गाव उभारलं होतं, आणि लिव्हरपूलच्या चिनी वस्तीतली मुलं त्यात कामाला होती. रूपर्ट अस्वलाची चित्रं वर्षानुवर्षं काढणारे आल्फ्रेड बेस्टल यांचं घर याच गावात होतं. त्यांचा जन्म ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. तुझ्या वडिलांकडे रूपर्टचं एक जुनं वार्षिक होतं. त्यातले डोंगर आणि हे डोंगर ताडून बघ.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही, ती म्हणजे भाषा. 2021 च्या जनगणनेत सबंध वेल्समध्ये वेल्श बोलणारे 17.8 टक्के होते, आणि ग्विनेद या तुझ्या जिल्ह्यात 64.4 टक्के. म्हणजे तू राहतेस तिथे ही भाषा बाजारात, शाळेत, बसमध्ये जिवंत आहे. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवत. दुसरा कोणी बोलताना सापडला की पाटी त्याच्या गळ्यात, आणि शेवटी ज्याच्या गळ्यात ती उरेल त्याला शिक्षा. एवढं सोसून जी भाषा उरली तिच्यावर आज वेगळंच संकट आहे. सुंदर डोंगराळ गावांतली घरं बाहेरचे श्रीमंत लोक सुट्टीसाठी विकत घेतात, किमती चढतात आणि गावातल्याच तरुण जोडप्याला गावात घर परवडत नाही. तरुण माणसं गेली की त्यांच्याबरोबर शाळेतली मुलं जातात आणि मुलांबरोबर भाषा. ग्विनेदच्या कौन्सिलने 2023 पासून अशा दुसऱ्या घरांवर नेहमीच्या करावर दीडपट जादा कर लावला आहे. काहींना तो जाचक वाटतो. मला तो योग्य वाटतो. कोकणातल्या आपल्या गावात निम्म्या घरांना कुलूप पाहून मी वाढलेय, रिकाम्या घरांचं गाव कसं होतं ते मला ठाऊक आहे.

नावांचंही तसंच. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने ठरवलं की यापुढे स्नोडोनियाऐवजी एररी आणि स्नोडनऐवजी अर विद्वा हीच नावं वापरायची. तूही तीच वापर. सकाळी दुकानात शिरताना 'बोरे दा' म्हण, निघताना 'दिओल्ख' म्हण. बेदगेलर्ट म्हणताना आपला 'द' लाव, इंग्रजी 'ड' नको. तुझ्या तोंडी ते अगदी सहज येईल आणि समोरच्या माणसाचा चेहरा खुलेल.

आता जायचं कसं, ते. कायर्नार्वोनपर्यंत बस, तिथून गाडीने बेदगेलर्ट. हिवाळ्यात ही गाडी फारशी धावत नाही, म्हणून वेळापत्रक पाहून तिकीट आधी काढून ठेव. गावात दोन दिवस राहा, एका दिवसात ते उरकू नकोस. छत्रीचा तिथल्या वाऱ्यात उपयोग नाही, रेनकोट ने. राहायला शक्यतो गावातल्याच माणसाने चालवलेली जागा बघ, चार पौंड जास्त पडले तरी चालतील, ते मी पाठवीन. आणि त्या शंका काढणाऱ्या मैत्रिणीला बरोबर ने. तिला मुंगसाची गोष्ट थडग्यापाशी तू सांग, पण त्याआधी दोघी मिळून चर्चच्या त्या तीन खिडक्या बघून या.

तुझी,
आजी